पहिला स्वेटर स्वतःचा

निफाडजवळच्या एका गावातून आलेलं हे पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

"ताई, माझं वय ५४. विणकाम आईकडून शिकले. घरातला एकही बाळंतविडा माझ्या टोपड्या-मोज्यांवाचून गेलेला नाही. दिरांचे, भाच्यांचे, जावयांचे स्वेटर मीच विणले. स्वतःसाठी मात्र एकही नाही, दर थंडीत तेच विकतचं जाकीट. या वर्षी हौसेनं माझ्यासाठी विणायचं ठरवलं, पण मन लागेना. पुतणीला दिवस गेलेत, तिचं आधी करायला हवं असं सारखं वाटतं. हे म्हणतात, 'तयार मिळतो की! डोळे कशाला फोडतेस?' दुसरं म्हणजे शेजारच्या दोघी आणि माझी सून मागे लागल्यात, आम्हाला शिकवा म्हणून. मागच्या हिवाळ्यात शेजारणींना शिकवायला घेतलं होतं. चार दिवस आल्या आणि यायच्या थांबल्या. त्यांच्या हातून चुकलं की मला राहवत नाही, सुया मी माझ्याकडे घेते. त्यातली एक कॉलेजातली मुलगी आहे, डावखुरी. तिला कसं दाखवायचं तेच समजत नाही. आणि पैसे घ्यावेत का? आईनं मला फुकट शिकवलं, मी पैसे घेतले तर बरं दिसेल का?"

ताई, तुमचे प्रश्न वेगवेगळे आहेत, पण माझ्या मते त्यांचं उत्तर एकच आहे. या थंडीत तुमच्या सुयांवर तुमचा स्वतःचा स्वेटर असू द्या. शिकायला येणारीलाही पहिली वस्तू तिच्या स्वतःसाठीच विणू द्या. दोन्ही कामं एकाच खोलीत, शेजारी शेजारी बसून चालू द्या.

तुमचं मन का लागत नाही, हे मला समजतं. आपल्याकडे सुया हातात घ्यायच्या त्या कुणासाठी तरी, अशीच रीत आहे. बाळ येणार म्हणून टोपडं, मुलगा शिकायला बाहेरगावी निघाला म्हणून स्वेटर, सासऱ्यांच्या फिरण्यासाठी कानटोपी. १९६२ साली चीनबरोबर युद्ध झालं तेव्हा तर देशभरच्या बायकांनी सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. ही रीत चांगलीच आहे, ती सोडा असं मी सांगणार नाही. पण दुसऱ्यासाठी विणताना एक गोष्ट आपल्याला कधीच कळत नाही. ती वस्तू वापरात कशी वागते? टोपडं दिलं, सगळ्यांनी कौतुक केलं आणि तीन महिन्यांत बाळाला ते होईनासं झालं. जावयांनी स्वेटर घातलेला फोटो पाठवला, पण मुंढा काचतो हे ते बिचारे सांगणार आहेत का? कोपर कुठे फुगतं, धुतल्यावर लांबी किती उतरते, बॉर्डर किती दिवसांत सैलावते, हे सगळं हिवाळाभर स्वतः अंगात घातल्यावर समजतं. इतकी वर्षं विणूनही हे ज्ञान तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही, आणि शिकवायला बसणाऱ्या बाईला ते हवं. मन अडत असेल तर त्याला हे कारण सांगा. मला विचाराल तर त्याचीही गरज नाही. निफाडच्या थंडीत पहाटे उठणाऱ्या बाईला ऊब हवी, एवढं कारण पुरेसं आहे.

पुतणीचं टोपडं आणि मोजे तुमच्या सरावाच्या हाताला चार-पाच बैठकांचं काम. ते पिशवीत ठेवा, बसमध्ये किंवा दवाखान्यात थांबावं लागलं की विणा. घरी बसायच्या जागेवर मात्र तुमचा स्वेटर असू द्या. एकाच वेळी दोन कामं सुयांवर असली तर काही बिघडत नाही.

यजमानांचं म्हणणं पैशांपुरतं खरं आहे. थंडीत तिबेटी विक्रेत्यांच्या रांगा लागतात. तिथे येणारा माल बराचसा लुधियानाचा, यंत्रावर विणलेला. तेवढ्या किमतीत तुमची लोकरसुद्धा येणार नाही, तेव्हा बचतीच्या मुद्द्यावर वाद घालू नका, हराल. पण तो स्वेटर एका ठरावीक मापाच्या बाईसाठी केलेला असतो. खांदे अरुंद आणि दंड भरलेले असतील, तर तयार स्वेटर एका ठिकाणी लोंबतो आणि दुसरीकडे रुततो. तुमच्या मापाचा स्वेटर त्या रांगेत टांगलेला नसतो.

आता लोकरीचं. दुकानात 'लोकर' म्हणून मिळते त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते. ती स्वस्त आहे, धुवायला सोपी आहे, रंग छान टिकतात. पण तुम्ही पहाटे स्वेटर घालून गॅसपाशी उभ्या राहणार असाल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲक्रिलिक पेट घेतं, वितळतं आणि वितळून कातडीला चिकटतं. मेंढीची लोकर सहजी पेटत नाही, धुमसते आणि ज्योत बाजूला झाली की बहुधा विझते. शिवाय आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा शोषूनही ती ओली लागत नाही. म्हणून स्वयंपाकघरात वावरण्याचा स्वेटर असेल तर मेंढीच्या लोकरीला थोडे जास्त पैसे मोजा आणि बाही पाऊण ठेवा, मनगटाशी सैल काही नको. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, ती घोंगडीला उत्तम. स्वेटरला मऊ तंतू हवा, मेरिनो किंवा मेरिनो-मिश्रित. तुमच्या मापाला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम लागेल. सगळे गुंडे एकदमच घ्या, लेबलवरचा लॉट नंबर सगळ्यांचा एक आहे ना पाहा आणि एक गुंडा जास्तीचा घेऊन ठेवा. लॉट बदलला की रंगातला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, उन्हात दिसतो.

दुसऱ्यांसाठी विणताना तुम्ही बहुतेक अंदाजाने टाके घालत असणार, 'मोठ्या माणसाला एकशेवीस' वगैरे. स्वतःसाठी तसं करू नका. ८ नंबरच्या (४ मिलिमीटर जाडीच्या) सुयांवर ३० टाके घाला, १२-१३ सेंमी विणा, बंद करा. मग तो तुकडा धुऊन, सपाट वाळवून, मधल्या १० सेंमीत किती टाके बसले ते मोजा. समजा २२ आले. तुमची छाती १०० सेंमी, त्यात आत ब्लाउज-साडी मावायला ८ सेंमी मिळवले, झाले १०८. पाठ त्याच्या निम्मी, म्हणजे ५४ सेंमी. १० सेंमीला २२ टाके, तर ५४ सेंमीला जवळपास ११९. आता तुमचा हात थोडा सैल असेल आणि १० सेंमीत २० च टाके बसत असतील, तर त्याच ११९ टाक्यांची पाठ साडेएकोणसाठ सेंमीची होईल. पुढचा भागही तेवढाच. सगळा घेर ११९ सेंमी, म्हणजे ठरवल्यापेक्षा ११ सेंमी जास्त! फरक फक्त दोन टाक्यांचा. तुकडा धुतल्याशिवाय मोजू नका, कारण लोकर पहिल्या धुण्यात आपलं खरं रूप दाखवते.

एलिझाबेथ झिमरमन नावाची एक बाई होती (१९१०–१९९९), इंग्लंडात जन्मलेली, पुढे अमेरिकेत राहिलेली. छापील नमुन्याच्या मागे न धावता आपल्याच टाक्यांवरून स्वेटरचं गणित मांडायला तिने असंख्य बायकांना शिकवलं. तिचा हिशेब असा: छातीभोवतीचे सगळे टाके १०० धरले, तर मनगटाला त्यातले २० आणि गळ्याला ४०. तुमच्या उदाहरणात छातीला २३८ (पाठीचे ११९ आणि पुढचे ११९), तर मनगट सुमारे ४८ आणि गळा सुमारे ९५. हा आरंभाचा अंदाज, पुढे आपल्या अंगाप्रमाणे कमी-जास्त करायचं. दंड भरलेला असेल तर बाहीला टाके वाढवा, हात आखडता घेऊ नका.

आणि एक. या वेळी गोल सुई (लवचीक तारेने जोडलेली दोन टोकं) घेऊन गळ्यापासून खाली विणून पाहा. तुम्ही आतापर्यंत पाठ, पुढा, बाह्या वेगळ्या विणून शिवत आला असाल. गळ्यापासून विणलं की मध्येच अंगात घालून पाहता येतं. दुसऱ्याच्या स्वेटरला ही सोय नव्हती, माणूस समोर नसायचा. इथे माणूस चोवीस तास हजर आहे!

आता शिकवण्याचं, कारण तुमची खरी बोच तिथे आहे.

त्या दोघी चार दिवसांत थांबल्या त्याचं कारण तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलंय. सुया तुमच्याकडे गेल्या की चूक दुरुस्त होते, पण तुमच्याच हाताने. तिचा तुकडा छान दिसतो, ती घरी जाते, दोन ओळी विणते, पुन्हा टाका गळतो आणि आता तिच्यापाशी तुम्ही नसता. तिला वाटतं, मला हे जमायचंच नाही. म्हणून नियम एकच: तिच्या सुयांना हात लावायचा नाही. तुमच्या मांडीवर वेगळ्या सुया आणि वेगळ्या रंगाची लोकर हवी. जे दाखवायचं ते त्यावर, सावकाश, दोनदा, तीनदा. मग थांबायचं. ती चाचपडेल, सुई चुकीच्या बाजूने घालेल. तुमचा हात पुढे जाईल, म्हणूनच तर त्यात तुमचा स्वेटर द्यायचा. तुम्ही तुमचे टाके विणत राहिलात की तिच्यावरची नजरही हटते आणि तिचा हात मोकळा होतो.

पहिल्या दिवशी टाके घालायला शिकवू नका. बहुतेक जणी इथूनच सुरुवात करतात, पण टाके घालणं हे विणण्यापेक्षा अवघड काम आहे आणि सुरुवातीलाच ते समोर आलं की उत्साह मावळतो. २२ टाके तुम्हीच घालून, दोन-तीन ओळी विणून सुया तिच्या हातात द्या. टाके घालणं आणि बंद करणं शेवटी शिकवा, तोवर बोटांना सुयांची सवय झालेली असेल. लोकर फिक्या रंगाची आणि गुळगुळीत हवी. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका दिसतच नाही. सुया ८ नंबरच्या. १२ नंबरच्या बारीक सुया नवख्या हाताला नकोत.

या नंबरांचा एक घोळ सुनेमुळे तुमच्या घरात होणारच आहे, म्हणून सांगून ठेवते. आपल्या दुकानांत जुना इंग्रजी क्रम चालतो, नंबर वाढला की सुई बारीक. ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकन व्हिडिओत उलटं, नंबर वाढला की सुई जाड, आणि तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. तिने व्हिडिओ पाहून '८ नंबर' आणली आणि सगळं आक्रसलं, तर दोष तिच्या हाताचा नाही. मिलिमीटर पाहायची सवय लावा, तुम्हीसुद्धा.

पहिली वस्तू मफलर नको. मफलर म्हणजे तेच ते किती हात लांब विणायचं, मध्येच कंटाळा येतो. कानपट्टी विणू द्या. १० सेंमी रुंद, डोक्याच्या घेरापेक्षा थोडी आखूड, ४८-५० सेंमी लांब, दोन टोकं शिवली की झालं. सगळ्या ओळी सुलटच. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेलं कापड सपाट राहतं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणलं तर कडा गुंडाळतात, बाजूच्या मागे आणि वरच्या-खालच्या पुढे. नवखीला वाटतं आपलंच चुकलं. ही त्या विणीची जातच आहे, हे आधीच सांगा.

आणि ही कानपट्टी तिने स्वतःसाठीच विणायची. आईला, मैत्रिणीला देण्यासाठी विणायला घेतली की लगेच भीती येते, बरी दिसेल ना, वेळेत होईल ना. स्वतःची असली की वाकडा टाका चालतो. शिवाय पहाटे फिरायला जाताना ती कानावर घट्ट बसते की सरकते हे तिचं तिलाच समजतं. पुढची कानपट्टी थोडी आखूड विणायची हे तुम्हाला सांगावं लागत नाही.

टाके वाचायला मात्र पहिल्या आठवड्यातच शिकवा. सुलट टाका वेणीच्या पेडासारखा दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा. हे दिसायला लागलं की ती कुठे थांबली होती ते तिला तिच्या कामावरूनच ओळखता येतं. ओळ संपली की टाके मोजायला लावा. २२ चे २४ झाले तर बहुतेक वेळा दोन कारणं असतात. धागा दोन सुयांच्या मधून पुढे राहून गेलेला असतो आणि सुईवर एक फुकटचा वेढा बसतो. किंवा ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढला जातो, त्यामुळे पहिल्याच टाक्याचे दोन पाय वर येऊन दोन टाके भासतात. यातलं काय झालं ते तिला शोधू द्या. हात फार घट्ट असेल तर ती सुईच्या टोकावरच टाका करते आहे का पाहा. टाका सुईच्या जाड भागावर जाऊन बसायला हवा. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने ओळीओळीने वर कसा आणायचा, हे मुद्दाम एक टाका सोडायला लावून शिकवा. उसवणंही तसंच. चांगल्या विणलेल्या चार ओळी एकदा उसवायला लावा आणि टाके पुन्हा सुईवर घ्यायला लावा. उसवण्याची भीती गेली की शिकणं निम्मं झालं.

डावखुऱ्या मुलीची काळजी करू नका. विणकामात दोन्ही हात राबतात, तेव्हा आधी तिला नेहमीच्याच पद्धतीने, पण धागा डाव्या हातात धरून विणू द्या. जर्मनीत आणि आसपासच्या देशांत उजवे-डावे बहुतेक सगळे असंच धरतात आणि डावखुऱ्यांना ते पुष्कळदा सोपं जातं. दोन-तीन बैठकांनंतरही अडखळत असेल तर तिच्या शेजारी न बसता समोर बसा आणि आरशात पाहावं तसं तिला तुमचं उलटं करू द्या. तसं विणणारीला पुढे एक गोष्ट सांगावी लागेल. छापील नमुने तिला उलट्या दिशेने वाचावे लागतील आणि टाके कमी करताना तिरपेपणा विरुद्ध बाजूला जाईल. ते त्या वेळी पाहू, आत्ता तिला घाबरवू नका.

सुनेचं थोडं वेगळं. शेजारणीला 'हे चुकलं' म्हणणं सोपं, सुनेला म्हटलं की ते विणकामापुरतं राहत नाही. म्हणून तिच्याशी शिकवण्याचं नातं ठेवू नका. गोल सुई तुम्हालाही नवीन आहे, व्हिडिओ शोधून दाखवायचं काम तिच्याकडे द्या. तुमची मापंही तिलाच घेऊ द्या. स्वतःच्या पाठीची रुंदी आणि खांद्यापासून मनगटापर्यंतची लांबी स्वतःला नीट घेता येत नाही. ती तुमचं माप घेईल, तुम्ही तिच्या कानपट्टीचे टाके घालून द्याल. तिने विचारलं तरच सांगा. विचारलं नाही तर वाकडं राहू द्या, खरंच राहू द्या.

पैशांचं स्पष्ट सांगते: घ्या. घरच्यांकडून नको, त्या मुलीकडूनही तुम्हाला वाटलं तर नको, पण पुढे बाहेरच्या बायका येऊ लागतील त्यांच्याकडून जरूर घ्या. तुमच्या गावात किंवा निफाडला शिवणक्लासची महिन्याची फी किती आहे ते विचारा आणि तिथून आकडा ठरवा. लोकर-सुया ज्याच्या त्याच्या. आईनं फुकट शिकवलं, कारण ती आई होती. आठवड्यातून दोन दुपारी तुम्ही घर बाजूला ठेवून बसणार, त्या वेळेला किंमत आहे. फी भरलेली बाई दुपारी येतेही. एका वेळी दोघी-तिघींपेक्षा जास्त नकोत, नाहीतर पुन्हा हात पुढे जाईल. अर्ध्या तासाने सगळ्यांनी सुया खाली ठेवून मनगटं आणि मान मोकळी करायची, तुम्ही आधी. आणि दिव्याखाली बसण्यापेक्षा दुपारच्या उजेडात बसा, यजमानांची डोळ्यांची काळजी तेवढी रास्त आहे.

लोकर दिवाळीच्या आत आणा, थंडी पडली की चांगले रंग संपतात. तुकडा विणून, धुऊन, मोजून झाला की १० सेंमीत किती टाके बसले, छाती किती आणि दंडाचा घेर किती, हे तीन आकडे मला कळवा. बाहीचा हिशेब आपण मिळून करू.